सोमनाथचा हिरा इंग्रजी कादंबरीत आणणारे विल्की कॉलिन्स

इंग्रजी रहस्यकादंबरीचा पाया घालणाऱ्यांत विल्की कॉलिन्स यांचे नाव अग्रभागी आहे. ८ जानेवारी १८२४ रोजी लंडनमध्ये जन्मलेले कॉलिन्स हे चित्रकार विल्यम कॉलिन्स यांचे ज्येष्ठ पुत्र. चहाच्या व्यापाऱ्याकडे त्यांनी काही वर्षे उमेदवारी केली, पुढे ते बॅरिस्टरही झाले; मन मात्र लेखनातच रमले. १८५१ मध्ये चार्ल्स डिकन्स यांच्याशी स्नेह जुळला आणि डिकन्स यांच्याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘द वुमन इन व्हाइट’ने त्यांना कीर्ती मिळवून दिली.

१८६८ मध्ये त्याच साप्ताहिकात ‘द मूनस्टोन’ क्रमशः प्रसिद्ध होत असताना कॉलिन्स संधिवाताने अंथरुणाला खिळले. मार्चमध्ये आईचे निधन झाले. वेदना शमवण्यासाठी ते अफूचा अर्क घेत, आणि दर आठवड्याचा मजकूर तरीही वेळेवर द्यावाच लागे. बराच भाग आपण तोंडी सांगून लिहवून घेतला, असे ते पुढे सांगत; हस्तलिखितात मात्र बहुतेक अक्षर त्यांचेच आहे. कादंबरीतील कोड्याची उकल अफूपाशीच येऊन थांबते, हा योगायोग नव्हे.

कथेचा आरंभ १७९९ च्या श्रीरंगपट्टणात होतो. टिपू सुलतानाच्या पाडावानंतरच्या लुटीत एक इंग्रज अधिकारी रक्षकांची हत्या करून सोमनाथच्या चंद्रदेवाचा हिरा बळकावतो. पुढे यॉर्कशायरमध्ये त्याच्या भाचीला तो वाढदिवशी मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. संशय हिऱ्याच्या मागावर आलेल्या तीन ब्राह्मणांवर जातो. त्या रात्रीचे चोर मात्र ते नसतात. १८५७ च्या उठावाला जेमतेम दशक उलटले असताना, ब्रिटिश वाचकांत भारतीयांविषयी कटुता ताजी असताना, मूळ चोरी इंग्रजाच्या पदरात टाकणे आणि हिरा अखेर सोमनाथला परत पाठवणे हे धाडसच होते.

गुलाबांचा शौकीन सार्जंट कफ हा स्कॉटलंड यार्डच्या जोनाथन व्हिचर यांच्यावरून घडवलेला. १८६० च्या रोड गावातील बालहत्येत व्हिचर यांनी घरातीलच मुलीवर संशय घेतला आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. पाच वर्षांनी तिने गुन्हा कबूल केला. त्या प्रकरणातील हरवलेला रात्रीचा पोशाख ‘द मूनस्टोन’मध्ये रंगाचा डाग घेऊन अवतरतो.

मूकपटांच्या काळापासून ही कथा पडद्यावर येत राहिली. १९३४ च्या अमेरिकी चित्रपटाने ती तासाभरात आटोपून थेट विसाव्या शतकात आणली. बीबीसीने १९५९, १९७२, १९९६ आणि २०१६ मध्ये तिची रूपांतरे केली. या कामातली अडचण उघड आहे: मूळ कथा अनेक निवेदक सांगतात, प्रत्येकाला आपल्यापुरतेच ठाऊक असते, आणि कॅमेरा मात्र सगळेच पाहतो.

कॉलिन्स यांनी विवाह केला नाही. कॅरोलाइन ग्रेव्ह्ज आणि मार्था रड या दोघींचे संसार त्यांनी चालवले आणि मृत्युपत्रातही दोन्ही घरांची तरतूद केली. २३ सप्टेंबर १८८९ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीतील त्यांच्या स्मृतिशिलेवर ‘द वुमन इन व्हाइट’चे नाव आहे, ‘द मूनस्टोन’चे नाही.