इसिडोर आयझॅक राबी

इसिडोर आयझॅक राबी (२९ जुलै १८९८ – ११ जानेवारी १९८८) हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ होते. अणुकेंद्रांचे चुंबकीय गुणधर्म मोजण्याच्या अनुस्पंदन पद्धतीबद्दल त्यांना १९४४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णालयांत होणाऱ्या एमआरआय तपासणीचे मूळ याच पद्धतीत आहे. राबींनी मात्र ती शुद्ध जिज्ञासेपोटी शोधली होती.

जीवन

राबींचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील, आता पोलंडमध्ये असलेल्या रिमानूव्ह या गावी सनातनी ज्यू कुटुंबात झाला. ते तान्हे असतानाच कुटुंब न्यू यॉर्कला आले. कॉर्नेल विद्यापीठातून १९१९ मध्ये रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर ते भौतिकशास्त्राकडे वळले आणि १९२७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे डॉक्टर झाले. पुढील दोन वर्षे युरोपात गेली. हॅम्बुर्ग येथे ऑटो स्टर्न यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी रेणूंच्या झोतावर प्रयोग करण्याची कला आत्मसात केली. १९२९ पासून निवृत्तीपर्यंत ते कोलंबियातच होते.

संशोधन

प्रत्येक अणुकेंद्राला चुंबकीय क्षेत्रात स्वतःची ठरावीक वारंवारता असते. निर्वात नळीतून जाणाऱ्या रेणूंच्या झोतावर त्याच वारंवारतेच्या रेडिओ लहरी सोडल्या, की केंद्रांची दिशा पालटते आणि शोधकापर्यंत पोहोचणाऱ्या रेणूंची संख्या घटते. १९३८ मध्ये राबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या घटीवरून केंद्रांचे चुंबकीय आघूर्ण अत्यंत अचूकपणे मोजून दाखवले. १९४६ मध्ये फेलिक्स ब्लॉख व एडवर्ड पर्सेल यांना हाच परिणाम पाणी, मेण अशा नेहमीच्या पदार्थांतही आढळला. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये त्यावरून प्रतिमा घडवली.

युद्धकाळ

दुसऱ्या महायुद्धात राबींनी मुख्यतः रडारवर काम केले. अणुबाँब प्रकल्पाचे ते केवळ सल्लागार होते. तरी १६ जुलै १९४५ चा न्यू मेक्सिकोतील पहिला चाचणी स्फोट त्यांनी स्वतः पाहिला. १९४९ मध्ये एन्रिको फर्मी यांच्यासह त्यांनी हायड्रोजन बाँबला नैतिक भूमिकेतून विरोध नोंदवला. पदे व मानसन्मान पुष्कळ लाभलेल्या या शास्त्रज्ञाच्या चरित्रातील ही नोंद विशेष मोलाची आहे.

एमआरआय आणि अखेरचे दिवस

या तपासणीच्या मूळ नावात ‘अणुकेंद्रीय’ हा शब्द होता. रुग्ण त्याने धास्तावतात म्हणून तो पुढे गळला. वस्तुतः एमआरआयमध्ये क्ष-किरणांसारखे आयनकारी प्रारण नसते, आणि मेंदू, मज्जारज्जू, सांधे यांसारखे मऊ ऊतक तीत विशेष स्पष्ट दिसतात. धोका आहे तो चुंबकाचा. लोखंडी वस्तू यंत्राकडे वेगाने खेचली जाऊन प्राणघातक ठरू शकते. जुन्या धाटणीचे पेसमेकर बिघडू शकतात. रेडिओ लहरींनी शरीरातील तारा तापू शकतात. प्रतिमा ठळक करण्यासाठी टोचले जाणारे गॅडोलिनियमयुक्त द्रव्य मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांना जपूनच द्यावे लागते. म्हणूनच तपासणीपूर्वी विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देणे रुग्णाच्याच हिताचे असते.

अखेरच्या आजारात राबींचीही एमआरआय तपासणी झाली. यंत्राच्या चकचकीत आतील पृष्ठभागावर त्यांना स्वतःचे वेडेवाकडे प्रतिबिंब दिसले, आणि आपले काम येथवर येईल असे कधी वाटले नव्हते, अशा आशयाचे नवल त्यांनी व्यक्त केले. त्यानंतर थोड्याच काळात न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले.