विश्लेषण : तोंडात विरघळणारे चॉकलेट आले कोठून? खरेदी करताना अस्सल माल कसा ओळखावा?

रक्षाबंधनापासून नाताळापर्यंत बाजारात चॉकलेटच्या भेटपेट्यांची रेलचेल असते. वेष्टने सगळ्यांचीच झगमगीत, आतला माल मात्र सारखा नसतो. एखादे चॉकलेट जिभेवर ठेवताच वितळते, तर दुसरे मेणासारखे टाळ्याला चिकटून बसते. या फरकाचे मूळ जवळपास दीडशे वर्षांपूर्वीच्या स्वित्झर्लंडमध्ये, रोडॉल्फ लिंट यांच्या कारखान्यात सापडते.

लिंट कोण होते?

त्यांचा जन्म 1855 मध्ये बर्न शहरात झाला. वडील औषधविक्रेते. तरुणपणी लोझान येथील कोलर यांच्या चॉकलेट कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली आणि 1879 मध्ये बर्नच्या आरे नदीकाठी, माटे भागात स्वतःचा कारखाना थाटला. जागा आगीत होरपळलेली, यंत्रे जुनीपुराणी. त्या काळचे चॉकलेट कडक, कडवट आणि खरखरीत असे. ते चावूनच खावे लागे. लिंट यांचा सुरुवातीचा मालही काही वेगळा नव्हता. वड्या नीट आळत नसत, वर पांढरट थर येई.

मग बदल कसा झाला?

सांगितली जाणारी गोष्ट अशी, की एका शुक्रवारी यंत्र बंद न करताच ते निघून गेले आणि सोमवारी परतले तेव्हा आत चकचकीत, मऊसूत लगदा तयार होता. गोष्ट बहुधा रंगवलेली आहे. जाणूनबुजून केलेले प्रयोग जाहिरातीत तितके शोभत नाहीत. प्रक्रिया मात्र खरी. पाट्यावर वरवंटा फिरावा तसा दगडी पात्रात रूळ पुढे-मागे फिरत राही, तोही तासन् तास, कधी दिवसभराहून अधिक. पात्राचा आकार शिंपल्यासारखा, म्हणून या प्रक्रियेला ‘काँचिंग’ हे नाव मिळाले. सतत घोटल्याने ओलावा आणि आंबूस वास उडून जातो आणि प्रत्येक कणावर स्निग्धांशाचे आवरण चढते. लिंट यांनी त्यात कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतलीच चरबी, आणखी मिसळली. ही चरबी साधारण 34 अंश सेल्सिअसला वितळते. माणसाच्या तोंडातले तापमान त्याहून थोडे अधिक, त्यामुळे चॉकलेट आपोआप विरघळू लागले.

ग्राहकासाठी याचा अर्थ काय?

कोको बटर महाग असते. म्हणून स्वस्त मालात त्याऐवजी पाम तेलासारखी वनस्पतिजन्य चरबी वापरतात. व्यवसायात त्याला ‘कंपाउंड’ म्हणतात. ते उन्हात टिकते, पण तोंडात रेंगाळते. बोटांना लागून वितळणारे चॉकलेट म्हणूनच कमी दर्जाचे समजू नये. आपल्याकडच्या उकाड्यात उलट न वितळणाऱ्याचाच संशय घ्यावा. चांगली वडी थंड जागी मोडली तर ‘कट्’ असा स्वच्छ आवाज येतो, पृष्ठभाग चमकतो आणि जिभेला कण लागत नाहीत. वरचा पांढुरका थर बहुतेक वेळा बुरशीचा नसतो. उष्णतेने कोको बटर वर येऊन पुन्हा गोठलेले असते, किंवा फ्रिजमधल्या दमटपणामुळे साखर वर आलेली असते. असे चॉकलेट खाण्यास सहसा अपायकारक नसते, पण दुकानात ते नीट ठेवलेले नव्हते एवढे नक्की कळते.

केवळ नाव पाहून घ्यावे का?

लिंट यांनी आपली पद्धत सुमारे 20 वर्षे गुपित ठेवली. मागणी प्रचंड, पण ते काही हाडाचे व्यापारी नव्हते. 1899 मध्ये त्यांनी कारखाना, कृती आणि नाव असे सगळेच झुरिचच्या स्प्रुंगली यांना 15 लाख सुवर्ण फ्रँकना विकले. पुढे खटके उडाले. 1905 मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले आणि भाऊ व चुलतभावासह त्याच आडनावाने पुन्हा चॉकलेट काढले जाऊ लागले. कंपनी न्यायालयात गेली. 1909 मध्ये लिंट यांचे निधन झाले, तरी खटला 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत चालला आणि नाव कंपनीकडेच राहिले. आपलेच आडनाव चॉकलेटवर छापण्याचा हक्क लिंट घराण्याकडे उरला नाही.

नाव असे विकले जाते, घटक पदार्थांची यादी मात्र पाकिटामागे छापावीच लागते. त्यात जे वजनाने जास्त ते आधी लिहिलेले असते. पहिलेच नाव साखरेचे असेल तर तो गोड पदार्थ, कोको नंतर. कोको बटरऐवजी ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ दिसले तर ते कंपाउंड समजावे. ‘70 टक्के कोको’ या आकड्यात कोकोचा गर आणि बटर दोन्ही धरलेले असतात; त्यावरून कडवटपणाचा अंदाज येतो, ते किती घोटले आहे याचा नाही. तो जिभेवरच घ्यावा लागतो, म्हणून मोठी पेटी घेण्याआधी त्याच कंपनीची एक छोटी वडी घेऊन पाहावी.