डॉ. कमल रणदिवे : न वाढणाऱ्या जंतूच्या मागे लागलेली पुण्याची लेक

मराठीत ज्याला महारोग किंवा रक्तपिती म्हणतात, त्यालाच आपल्या उर्दूत जुझाम किंवा कोढ म्हणतात. पण मराठीतलं ‘कोड’ म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. त्यांचा या रोगाशी काहीही संबंध नाही. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या घरांत एवढ्या एका शब्दाने घोटाळा होतो आणि कुणाच्या तरी मुलीचं नाव खराब होतं. म्हणून आज आपण अशा एका बाईंची ओळख करून घेऊ, ज्यांनी या रोगाच्या जंतूला प्रयोगशाळेत वाढवण्याचा ध्यास घेतला होता.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. शंभर वर्षांपूर्वी मुलींना शिकवायचं की नाही यावरच वाद होत असताना, या घरात सगळ्या मुलांना चांगलं शिकवायचं हे ठरलेलं होतं. कमलताई हुजूरपागेत शिकल्या, मग फर्ग्युसनमध्ये. लेकीने डॉक्टर व्हावं ही वडिलांची इच्छा होती, पण तिने जीवशास्त्र धरलं आणि वडिलांनी ते मान्य केलं. १९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक जयसिंग रणदिवे यांच्याशी लग्न झालं. शिक्षण मात्र थांबलं नाही. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी., दोन्ही लग्नानंतरचं.

मुंबईत त्यांना गुरू लाभले डॉ. वसंत रामजी खानोलकर. टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख. पुढे कमलताई अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. माणसाच्या शरीरातल्या पेशी बाहेर काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून वाढवायच्या, हे कसब गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकायला मिळालं. ते घेऊन त्या परत आल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये कामाला लागल्या. कर्करोगावरचं त्यांचं काम प्रसिद्धच आहे. पण खानोलकरांना कुष्ठरोगाचाही तितकाच ध्यास होता आणि तिथे कमलताईंचं हे कसब कामी आलं.

हा जंतू भारी हट्टी आहे. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी तो १८७३ मध्ये शोधला, म्हणजे क्षयाचा जंतू सापडण्याच्या नऊ वर्षं आधी. दोघेही एकाच खानदानातले, मायकोबॅक्टेरिया. अंगावर मेणासारखं जाड आवरण, त्यामुळे एकदा चढलेला रंग ॲसिडने धुतला तरी निघत नाही. आपल्या आतड्यातला साधा जंतू २० मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूला साधारण एक दिवस लागतो, तर कुष्ठरोगाच्या जंतूला सुमारे दोन आठवडे! त्यातही क्षयाचा जंतू प्रयोगशाळेच्या अन्नावर वाढतो, हा मात्र वाढतच नाही. आणि जो जंतू वाढवता येत नाही, त्याच्यावर औषध तपासणं अवघड आणि लस बनवणं त्याहून अवघड.

१९५८ मध्ये डॉ. बापट, डॉ. रणदिवे आणि डॉ. खानोलकर यांनी रुग्णाच्या गाठीतून काढलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. केंद्राच्या नावावरून त्याला आयसीआरसी जंतू म्हणू लागले. १९६४ मध्ये कमलताईंना वाटुमल प्रतिष्ठानचा सूक्ष्मजीवशास्त्राचा पुरस्कार मिळाला. पुढच्या तपासणीत मात्र दिसलं, की हा जंतू कुष्ठरोगाचा नव्हे, त्याच खानदानातला दुसरा आहे. मग मेहनत वाया गेली का? नाही. दोघांची चेहरेपट्टी इतकी जुळते, की एकाला ओळखायला शिकलेलं शरीर दुसऱ्यालाही ओळखतं. याच जंतूला मारून पुढच्या पिढीने लस केली. चेन्नईजवळ १ लाख ७० हजारांहून अधिक लोकांवर लसींची चाचणी झाली. १९९८ मध्ये निकाल आला, तेव्हा आयसीआरसी लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचं दिसलं. ती घरोघर पोचली नाही, ही गोष्ट वेगळी.

खरा कुष्ठरोगाचा जंतू आजही प्रयोगशाळेच्या अन्नावर वाढत नाही. त्याचं कारण २००१ मध्ये स्पष्ट झालं. त्याची जनुकं वाचली गेली, तेव्हा त्यातली कितीतरी निकामी झालेली आढळली. बाहेर स्वतःच्या बळावर जगण्याची ताकदच तो गमावून बसलाय. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कमलताई गेल्या.

पंढरपुरात राहणाऱ्या आपल्याला हा रोग पुस्तकातून शिकावा लागला नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात, वारीच्या दिवसांत ताटली पुढे करून बसलेली माणसं आपण पाहत आलोय. त्यांची बोटं जंतूने खाल्लेली नसतात. नसा बधिर होतात, मग चटका बसला, काटा रुतला तरी कळत नाही आणि जखमांनी बोटं जातात. वेळेवर औषध घेतलं तर हे टळतं. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे, ६ ते १२ महिन्यांचा कोर्स. सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना लागण होत नाही.

तरी शिक्षक म्हणून आम्ही काय पाहतो? पोरीच्या अंगावर चट्टा दिसला, की घरच्यांना आधी रिश्ता आठवतो, दवाखाना नंतर. कायद्यालाही उशीरच झाला. १९३९ च्या मुस्लिम विवाह कायद्यात पतीचा कुष्ठरोग हे पत्नीला तलाक मागण्याचं एक कारण होतं. ते २०१९ मध्ये काढलं गेलं. इतर धर्मीयांच्या विवाह कायद्यांतूनही तेव्हाच गेलं.

कमलताईंनी १९७३ मध्ये सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभी केली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यात जाऊन त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. एवढं सगळं घडलं, कारण एका बापाने लेकीला तिच्या आवडीचं शिकू दिलं.

आपणही दोन गोष्टी करू या. मुलीला विज्ञान आवडत असेल तर दहावीनंतर तिची वाट अडवू नका. आणि घरात कुणाच्याही अंगावर बधिर चट्टा दिसला, तर लपवू नका. त्याच आठवड्यात दवाखान्यात दाखवा.