हॅमिल्टननं कट्टर विरोधकाला राष्ट्राध्यक्ष होऊ दिलं, पण ते देशासाठी की जुन्या खुन्नसपोटी?

अमेरिकेच्या १० डॉलरच्या नोटेवर ज्याचं चित्र आहे, तो गडी कधीच राष्ट्राध्यक्ष झाला नाही. पण राष्ट्राध्यक्ष कोणी व्हायचं नाही, हे ठरवायला मात्र त्यानं जिवाचं रान केलं.

नाव, अलेक्झांडर हॅमिल्टन.

जन्म कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरचा. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. वडील सोडून गेले, १७६८ मध्ये आई वारली आणि पोरगं एका व्यापाऱ्याकडं कारकुनी करायला लागलं. १७७२ मध्ये तिथं मोठं वादळ आलं. त्यावर त्यानं लिहिलेलं पत्र पेपरात छापून आलं आणि ते वाचून लोकांनी पैसे गोळा करून त्याला शिकायला अमेरिकेत पाठवलं.

थोडक्यात काय, तर लेखणीनंच त्याला वर काढलं.

पुढं स्वातंत्र्ययुद्धात तो जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या खास मर्जीतला सहाय्यक झाला आणि १७८९ मध्ये देशाचा पहिला अर्थमंत्री. त्याच मंत्रिमंडळात परराष्ट्र खातं सांभाळत होते थॉमस जेफरसन. दोघांचं एका गोष्टीवर जमायचं नाही. हॅमिल्टनला मजबूत केंद्र सरकार आणि राष्ट्रीय बँक हवी होती. जेफरसन यांना त्यात राजेशाहीचा वास यायचा.

यातूनच अमेरिकेतले पहिले दोन पक्ष उभे राहिले. हॅमिल्टनचे फेडरलिस्ट आणि जेफरसन यांचे रिपब्लिकन. आजच्या रिपब्लिकन पक्षाशी याचा संबंध नाही बरं का.

दोघांनी आपापल्या बाजूचे पेपरही पोसले. जेफरसन यांनी आपल्या बाजूच्या संपादकाला स्वतःच्या खात्यात अनुवादकाची नोकरी दिली, हॅमिल्टननं आपल्या बाजूच्या पेपरला सरकारी छपाईची कामं दिली. वर हॅमिल्टन टोपणनावं घेऊन जेफरसन यांच्यावर लेख लिहायचा. म्हणजे आजच्या भाषेत, मंत्री फेक अकाउंट काढून सहकारी मंत्र्याला ट्रोल करत होता.

आता येऊ १८०० सालावर.

त्या वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या निवडणुकीत फेडरलिस्ट हरले. राष्ट्राध्यक्ष निवडणारे इलेक्टर तिथं विधिमंडळ ठरवायचं. म्हणजे न्यूयॉर्कची मतं जेफरसन यांना जाणार, हे नक्की झालं. हॅमिल्टननं आपल्याच पक्षाचे गव्हर्नर जॉन जे यांना गळ घातली, की मावळतं विधिमंडळ बोलवा आणि नियमच बदलून टाका. जे यांनी ते पत्र सरळ बाजूला ठेवून दिलं.

इतक्यावर तो थांबला नाही. राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स त्याच्याच पक्षाचे, पण दोघांचं वैर. ऐन निवडणुकीत हॅमिल्टननं अॅडम्स यांच्याविरुद्ध ५४ पानांची पुस्तिका लिहिली आणि ती जगजाहीर झाली. पक्षाची पार अब्रू गेली.

निकाल लागला आणि भलताच पेच पडला. तेव्हा प्रत्येक इलेक्टरला दोन मतं असायची, पण राष्ट्राध्यक्षाचं कुठलं आणि उपराष्ट्राध्यक्षाचं कुठलं, हे वेगळं सांगायची सोय नव्हती. जेफरसन यांना ७३ मतं पडली आणि त्यांच्याच जोडीचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार आरन बर यांनाही ७३.

फैसला प्रतिनिधिगृहात गेला. तिथं फेडरलिस्टांनी डाव टाकला, की जेफरसन यांना अडवायचं असेल तर बर यांना निवडून द्या.

इथं हॅमिल्टन स्वतःच्या पक्षाच्या विरोधात गेला. त्यानं नेत्यांना पत्रांवर पत्रं धाडली. मुद्दा एकच होता, जेफरसन यांची मतं चुकीची असली तरी त्यांना काही मतं तरी आहेत, बर यांना सत्तेपलीकडं काहीच नको. ३५ वेळा मतदान होऊनही कोंडी सुटली नाही. १७ फेब्रुवारी १८०१ ला डेलावेअरचे फेडरलिस्ट जेम्स बायर्ड यांच्यासह काही जण मागं हटले आणि ३६ व्या फेरीत जेफरसन जिंकले. त्यात हॅमिल्टनच्या पत्रांचा वाटा किती, यावर इतिहासकार अजून भांडतात.

पक्षापेक्षा देश मोठा मानला, असं म्हणून टाळ्या वाजवता येतील. पण याच बर यांनी १७९१ मध्ये हॅमिल्टनच्या सासऱ्यांना सिनेटच्या निवडणुकीत पाडलं होतं. १८०० ला न्यूयॉर्क हातातून घालवणारेही तेच होते. मग पत्रं लिहिणारा हात देशभक्ताचा होता की दुखावलेल्या माणसाचा?

बहुतेक दोघांचाही.

या भांडणांची किंमत घरानं मोजली. हॅमिल्टनवर टीका करणाऱ्या एका भाषणावरून वाद झाला आणि नोव्हेंबर १८०१ मध्ये त्याचा थोरला मुलगा फिलिप द्वंद्वयुद्धात मारला गेला. १८०४ मध्ये बर न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, तेव्हा हॅमिल्टन पुन्हा त्यांच्याविरुद्ध बोलत सुटला. ते बोलणं पेपरात आलं आणि बर यांनी आव्हान दिलं. ११ जुलैला वीहॉकेनला पदावर असलेल्या उपराष्ट्राध्यक्षानं हॅमिल्टनला गोळी घातली. दुसऱ्या दिवशी तो गेला. पन्नाशीही गाठली नव्हती.

त्याच वर्षी बारावी घटनादुरुस्ती झाली. दोन पदांची मतं वेगळी झाली आणि तो पेच कायमचा मिटला.

त्याची बायको एलायझा १८५४ पर्यंत जगली. नवऱ्याचे कागद गोळा करून जपण्यात तिनं उरलेलं आयुष्य घालवलं. जे यांच्याकडं धाडलेलं पत्र आणि बर यांच्याविरुद्धची पत्रं, दोन्ही आज वाचायला मिळतात. एकात नियम मोडायला निघालेला पक्षवाला दिसतो, दुसऱ्यात पक्षाला अडवणारा नेता.

दोन्ही पत्रांमध्ये अंतर आहे फक्त काही महिन्यांचं.