भूमीचा धनी आणि सोन्याचे चार शिलिंग

सौदी अरेबियाचे संस्थापक राजे अब्दुल अझीझ इब्न सौद यांचे नाव निघाले की वाळवंटातील लढाया आणि तेलाची अमाप संपत्ती डोळ्यांसमोर येते. तलवारीच्या बळावर राज्य उभारणाऱ्या या राजाला उत्तरायुष्यात एका निराळ्याच आघाडीवर झुंजावे लागले. आपल्या भूमीखालचे तेल परक्या कंपनीला पट्ट्याने देताना धन्याच्या पदरात किती पडावे, याची ती झुंज होती. ती तब्बल १७ वर्षे चालली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रियाधमध्ये जन्मलेल्या अब्दुल अझीझ यांच्या घराण्याची सत्ता १८९१ मध्ये गेली आणि कुटुंबाला कुवेतचा आश्रय घ्यावा लागला. १९०२ मध्ये मूठभर साथीदारांनिशी त्यांनी रियाध परत मिळवले. १९१३ मध्ये पूर्व किनाऱ्यावरील अल-हसा, तर १९२५ मध्ये मक्का-मदिनेसह हिजाझ त्यांच्या ताब्यात आले. १९३२ मध्ये सौदी अरेबियाच्या राज्याची घोषणा झाली. त्या वेळी खजिना मात्र रिता होता. राज्याचे मुख्य उत्पन्न हज यात्रेकरूंकडून येई. जागतिक मंदीमुळे यात्रेकरूंची संख्या घसरली आणि राजा कर्जबाजारी झाला.

तेलाच्या कराराचा पहिला अनुभवही कडू होता. १९२३ मध्ये न्यूझीलंडचे मेजर फ्रँक होम्स यांच्या ब्रिटिश कंपनीला अल-हसाचा पट्टा वर्षाला २,००० सोन्याच्या पौंडांवर दिला गेला. कंपनीने दोन वर्षे भाडे भरले आणि पुढे हात आखडता घेतला. अखेर १९२८ मध्ये पट्टा रद्द झाला. केवळ भावी आशेवर जमीन अडकवून ठेवू द्यायची नाही, हा धडा राजाने त्यातून घेतला.

१९३२ मध्ये शेजारच्या बहारीनमध्ये तेल लागले आणि चित्र पालटले. १९३३ च्या आरंभी जेद्दाहमध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीतर्फे लॉइड हॅमिल्टन, तर इराक पेट्रोलियम कंपनीतर्फे स्टीफन लाँगरिग दाखल झाले. राजाच्या वतीने अर्थमंत्री अब्दुल्ला सुलेमान यांनी एक लाख सोन्याच्या पौंडांची मागणी करून घासाघीस सुरू केली. ब्रिटिशांचे वर्चस्व असलेल्या इराक पेट्रोलियमची तयारी जेमतेम दहा हजार पौंडांची होती, आणि तेही भारतीय रुपयांत. राजाचे सल्लागार आणि पूर्वाश्रमीचे भारतीय मुलकी सेवेतील अधिकारी सेंट जॉन फिल्बी हे दोन्ही स्पर्धकांना खेळवत होते. ते गुप्तपणे अमेरिकी कंपनीकडून वेतनही घेत होते. धन्याचा सल्लागारच समोरच्या पक्षाच्या पगारावर होता.

२९ मे १९३३ रोजी ६० वर्षांच्या करारावर सह्या झाल्या. ३०,००० सोन्याचे पौंड तत्काळ कर्जाऊ, १८ महिन्यांनी आणखी २०,०००, वार्षिक भाडे ५,००० पौंड आणि तेल लागल्यास ५०-५० हजार पौंडांचे दोन अग्रिम हप्ते, असे ठरले. स्वामित्वधन, म्हणजेच रॉयल्टी, टनामागे सोन्याचे चार शिलिंग. कर्जाची फेड भावी रॉयल्टीतून व्हायची होती. तेल न लागल्यास राजाला काहीही परत करायचे नव्हते.

सोन्याचा आग्रह किती योग्य होता, ते लगेचच दिसून आले. अमेरिकेने त्याच वर्षी सोन्याच्या निर्यातीवर बंधने घातल्याने कंपनीला लंडनहून ३५,००० सुवर्णमुद्रा आणाव्या लागल्या. ऑगस्टमध्ये जेद्दाहच्या डच बँकेत त्या एकेक करून मोजून घेण्यात आल्या.

मार्च १९३८ मध्ये दम्मामच्या सातव्या विहिरीला विपुल तेल लागले. पुढच्या वर्षी पहिले जहाज भरताना झडप स्वतः राजाने उघडली. पण कराराची उणी बाजूही हळूहळू समोर आली. रॉयल्टी वजनावर ठरलेली असल्याने तेलाचा भाव कितीही चढला तरी धन्याचा वाटा वाढत नव्हता. शिवाय कंपनीला सर्व करांतून सूट दिलेली होती. १९४९ मध्ये कंपनीने, म्हणजे आता ‘अरामको’ने, सौदी खजिन्यात ३ कोटी ९० लाख डॉलर भरले, तर अमेरिकी सरकारला कर म्हणून ४ कोटी ३० लाख. ज्याची जमीन, त्याच्यापेक्षा कंपनीच्या मायदेशाचा वाटा मोठा! त्याच सुमारास जे. पॉल गेटी यांनी कुवेतलगतच्या तटस्थ पट्ट्यासाठी पिंपामागे ५५ सेंट मान्य केले. अरामको सुमारे ३३ सेंट देत होती.

सुलेमान यांनी ही तफावत पुढे करून दबाव वाढवला. व्हेनेझुएलात नफ्याची निम्मी वाटणी रूढ झाल्याचे उदाहरण समोर होतेच. ३० डिसेंबर १९५० रोजी अरामकोने प्राप्तिकराच्या रूपाने निम्मा नफा देण्याचे मान्य केले. ही रक्कम अमेरिकी करातून वळती होत असल्याने कंपनीला फारशी झळ बसली नाही. १९५१ मध्ये सौदी अरेबियाला ११ कोटी डॉलर मिळाले, तर अमेरिकी करखात्याला ६० लाख.

वृद्धापकाळाने थकलेल्या राजाला हे वैभव फार काळ पाहता आले नाही. आलेला पैसा दरबाराच्या उधळपट्टीत वाहून जाऊ लागला होता आणि त्याला आवर घालण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. ९ नोव्हेंबर १९५३ रोजी ताइफ येथे इब्न सौद यांचे निधन झाले. १९८० पर्यंत अरामकोची संपूर्ण मालकी सौदी सरकारकडे आली. निकडीपोटी सोन्याच्या चार शिलिंगांवर पट्ट्याने दिलेले तेल अशा रीतीने पुन्हा धन्याच्या हाती आले.