गिरणीचा धनी, गावाचा धनी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधले ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या धंद्यावर गबर झालेले आणि गिरण्यांच्या धुराने काळवंडलेले शहर होते. १८४९ साली तिथे पटकीची साथ आली आणि कामगारांच्या कोंदट वस्त्यांतून माणसे दगावली. तेव्हा शहराचे महापौर होते टायटस सॉल्ट.

सॉल्ट यांचा जन्म १८०३ चा, मॉर्ली गावचा. वडिलांच्या लोकरीच्या व्यापारातून ते गिरणीदार झाले. दक्षिण अमेरिकेतल्या अल्पाका या प्राण्याची लोकर कातायला बाकीचे गिरणीदार राजी नव्हते. सॉल्ट यांनी ती कातण्याची युक्ती साधली आणि तिच्या तकतकीत कापडाने त्यांना अफाट पैसा मिळवून दिला.

या पैशाचे त्यांनी काय केले? शहराबाहेर, एअर नदीच्या काठी, कालवा आणि रेल्वे यांच्या सोयीच्या जागी नवी गिरणी बांधली. लॉकवुड आणि मॉसन या वास्तुविशारदांनी तिला इटालियन राजवाड्याचा थाट दिला. २० सप्टेंबर १८५३ रोजी, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, सॉल्ट यांनी ती सुरू केली. शेजारी गाव उभे राहिले. आपले आडनाव आणि नदीचे नाव जोडून त्याला नाव दिले सॉल्टेअर.

आठशेहून अधिक दगडी घरे, सरळ आखलेले रस्ते, पाणी आणि गॅस. मुकादमांची घरे मोठी, कामगारांची लहान. गिरणीतली उतरंड गल्लीतही दिसे. रस्त्यांना पत्नी कॅरोलाइन आणि मुलाबाळांची नावे होती. चर्च, शाळा, दवाखाना, वृद्धांसाठी घरे, वाचनालय, बाग असे सारे होते. नव्हता तो दारूचा गुत्ता. मालकाला तो नको होता.

इथेच खरी मेख आहे. पगार, घर, शाळा आणि दवाखाना एकाच हाती होते. हात दयाळू होता, पण मूठ त्याचीच होती.

१८७६ मध्ये सॉल्ट वारले. गिरणी १८८६ नव्हे, तर थेट १९८६ पर्यंत चालली. आज तिथे चित्रदालने आहेत आणि २००१ पासून गाव जागतिक वारसा यादीत आहे.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. आपल्या गिरणगावाला असे घर लाभले नाही. पण आखाडे, भजनी मंडळे, गणेशोत्सव कामगारांनी स्वतः उभारले. सॉल्टेअरला मिळाले ते आपल्याला हवे होते; आपण उभारले ते सॉल्टेअरला कोणी देऊ शकले नसते.