बॅटरीशिवायचा रेड डॉट: हॉवर्ड ग्रब यांची गोष्ट

दिवाळीनंतर आमच्या आरमोरीकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री झाडीपट्टीचं नाटक आणि मधल्या वेळात फुग्यांचा स्टॉल. बीजीएमआयमध्ये रेड डॉट लावून मी भल्याभल्यांना लोळवतो, म्हणून ऐटीत छऱ्यांची बंदूक उचलली. दहात एक फुगा फुटला. तोही भाच्यासमोर! (आमच्या जिल्ह्यात बंदूक म्हणजे गेम नाही, हे माहीत आहे. मी फक्त फुग्यांबद्दल बोलतोय.)

घरी येऊन रेड डॉट शोधायला बसलो आणि सापडले हॉवर्ड ग्रब. जन्म 1844, डब्लिन. वडील थॉमस दुर्बिणी बनवायचे. मेलबर्नसाठी 48 इंची आरशाची दुर्बीण करायची ऑर्डर आली, तेव्हा हॉवर्ड शिक्षण सोडून कारखान्यात उतरले. पुढे व्हिएन्नाची 27 इंची दुर्बीण त्यांनी केली. आपल्या पुण्यातही त्यांची दुर्बीण होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा झाली, तिथे प्रा. कावसजी नायगमवाला यांनी ग्रबची 20 इंची दुर्बीण वापरली. 1912 मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

आता दुर्बीणवाल्याचा बंदुकीशी काय संबंध? साध्या बंदुकीत मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी (छोटा खुंट) आणि निशाण, तिन्ही एका रेषेत आणायचं असतं. पण डोळा फोनच्या कॅमेऱ्यासारखाच, एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. माझा घोळ इथेच झाला होता.

रात्री एसटीत बसलात तर आतला दिवा खिडकीच्या काचेत दिसतो, जणू बाहेर जंगलावरच तरंगतोय. डोकं हलवलं की मात्र तो झाडांवरून सरकतो, कारण दिवा जवळचा आणि झाडं लांबची. ग्रब यांनी नेमकं हेच सोडवलं. छोटी खूण भिंगाच्या फोकसवर ठेवली की तिचे किरण समांतर होऊन बाहेर पडतात. ते तिरक्या काचेवरून डोळ्यात आले की खूण निशाणाइतकीच लांब दिसते. डोकं थोडं हललं तरी ती जागा सोडत नाही. 1900 मध्ये त्यांनी याचं पेटंट घेतलं. खूण उजळायला हवा फक्त उजेड, आणि तो आकाशाचाही चालतो. आजच्या रेड डॉटमध्ये तत्त्व तेच, फक्त खुणेच्या जागी एलईडी आला. गाडीच्या काचेवर स्पीड दाखवणारा हेड-अप डिस्प्लेही याच घराण्यातला!

यात आणखी स्वस्त भाऊबंद आहे. नळी पलीकडून बंद, आत उजेडावर चमकणारी खूण. एक डोळा खूण बघतो, दुसरा निशाण, आणि मेंदू दोन्ही चित्रं एकावर एक ठेवतो. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, बस्स.

ग्रब यांना मात्र हे फळलं नाही. पहिल्या महायुद्धात त्यांचा कारखाना पाणबुड्यांचे पेरिस्कोप बनवत होता. 1918 मध्ये तो डब्लिनहून इंग्लंडला सेंट ऑल्बन्सला हलवला. त्याच सुमारास जर्मन लढाऊ विमानांवर त्यांच्या कल्पनेचे साइट बसू लागले होते, म्हणजे शत्रूच्याच! 1925 मध्ये कंपनी बुडाली, ती चार्ल्स पार्सन्स यांनी घेतली. 1931 मध्ये ग्रब वारले.

आणि माझं काय? कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफलचं कांस्य जिंकलं. त्या खेळात दुर्बीण किंवा बॅटरीचा डॉट चालतच नाही. मागे बारीक छिद्र, पुढे रिंग, एवढंच. हे कळल्यावर खरेदीचं ॲप बंद केलं. पुढच्या मंडईत नजर माशीवर ठेवली आणि फुगा धूसर दिसू दिला. दहात सहा फुटले. भाचा म्हणाला की उरलेले चार वाऱ्यामुळे चुकले.